शुनकिन : व्यक्तिमत्त्व, नातेसंबंध आणि कलावंताची प्रतिमा

तानिझाकी जुनइचिरो (१८८६-१९६५) यांची 'शुनकिनशो' ही दीर्घकथा १९३३ साली 'चुओ कोरोन' या मासिकात प्रथम प्रसिद्ध झाली. हॉवर्ड हिबेट यांच्या इंग्रजी अनुवादामुळे (१९६३) ती जपानबाहेरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचली. एका अंध वादनकार स्त्रीची आणि तिच्या सेवकाची, जो पुढे तिचा शिष्यही होतो, ही कहाणी बहुतेक वेळा निस्सीम भक्तीची कथा म्हणून वाचली जाते. गुरूच्या विद्रूप झालेल्या चेहऱ्यावर दृष्टी पडू नये म्हणून शिष्य स्वतःचे डोळे सुईने फोडून घेतो, हा तिच्यातला मध्यवर्ती प्रसंग आहे. तो इतका प्रखर आहे की त्याच्या प्रकाशात बाकीचे सारे दिसेनासे होते. दिसेनाशा होणाऱ्या गोष्टींत सर्वांत मोठी म्हणजे खुद्द शुनकिन. ती कोण होती, तिच्याविषयी जे सांगितले जाते ते कोणी सांगितले, आणि 'महान कलावंत' ही तिची प्रतिमा कोणाच्या हातून घडली, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कथेचा प्रारंभ स्मशानात होतो. ओसाका शहरातील शिताद्देरामाची या देवळांच्या वस्तीत निवेदक दोन थडगी पाहतो. मोठे थडगे मोझुया कोतो, म्हणजेच शुनकिन हिचे आहे. त्याच्या बाजूला, जवळपास निम्म्या उंचीचे, नुकुइ सासुकेचे थडगे आहे. शुनकिन १८८६ मध्ये मरण पावली. सासुके तिच्यानंतर एकवीस वर्षे जगला आणि १९०७ मध्ये, तिच्याच मृत्युतिथीला, वारला. मृत्यूनंतरही शिष्याने आपली पायरी सोडलेली नाही, असे निवेदकाला वाटते. येथे एक गोष्ट नजरेतून निसटू देता कामा नये. मोठा दगड शिष्यानेच उभारला आहे आणि लहान दगडाचे मापही त्याच्याच इच्छेनुसार ठरले आहे. दोन थडग्यांमधील अंतर आणि उंचीतला फरक हे सासुकेने दगडात लिहिलेले चरित्रच म्हणावे लागेल. शुनकिनला त्यात काही बोलायला जागा नव्हती.

तिच्याविषयीची माहिती निवेदकाला तीन मार्गांनी मिळते. पहिला मार्ग म्हणजे 'मोझुया शुनकिनचे चरित्र' ही छोटी पुस्तिका. तिच्या वर्षश्राद्धांपैकी एकाच्या निमित्ताने सासुकेनेच ती कोणाकडून तरी लिहवून घेतली असावी. दुसरा मार्ग म्हणजे शिगिसावा तेरु ही वृद्ध शिष्या, जिने या दोघांची अखेरपर्यंत सेवा केली. तिसरा मार्ग म्हणजे तिच्या सदतिसाव्या वर्षी काढलेले एकमेव छायाचित्र. ते इतके पुसट झाले आहे की त्यातून चेहऱ्याची सुबकता कळते, पण स्वभाव कळत नाही. पुस्तिका भक्ताने लिहवून घेतलेली, साक्षीदार दोघांच्याही ऋणात असलेली, आणि छायाचित्र अस्पष्ट, अशी ही साधनसामग्री आहे. तानिझाकींच्या निवेदकाला याची पूर्ण जाणीव आहे. तो पुस्तिकेतील मजकूर उद्धृत करतो, लगेच त्याच्यावर शंका घेतो, तेरुचे सांगणे तिच्यासमोर ठेवतो आणि पुढे जातो. वाचक मात्र बहुधा शंका विसरतो आणि मजकूर तेवढा लक्षात ठेवतो.

या तीन साधनांतून दिसणारी शुनकिन ओसाकातील दोशोमाची या औषधव्यापाऱ्यांच्या पेठेतील एका श्रीमंत घराण्याची मुलगी आहे. जन्म १८२९ चा. जुन्या जपानी गणनेनुसार नवव्या वर्षी तिची दृष्टी गेली. नृत्याकडे ओढा असलेली ही बुद्धिमान, लाडावलेली मुलगी तेव्हापासून कोतो आणि शामिसेन या वाद्यांकडे वळली. कोतो हे तेरा तारांचे आडवे वाद्य; शामिसेनला तीनच तारा, आणि ते 'बाची' नावाच्या, पंख्यासारख्या पसरट जव्याने वाजवतात. क्योतो-ओसाका परिसरातील 'जिउता' ही गायन-वादनपरंपरा मुख्यतः अंध कलावंतांच्या हाती होती. त्यांच्या 'तोदो' या संघात श्रेणी असत, आणि 'केंग्यो' हे त्यातले सर्वोच्च पद. १८७१ मध्ये मेइजी सरकारने हा संघ बरखास्त केला. शुनकिनचे गुरू शुनशो केंग्यो हे या परंपरेतले.

हा संघ पुरुषांचा होता, ही गोष्ट कथेवरील चर्चेत फारशी येत नाही. पण शुनकिनच्या व्यक्तिमत्त्वाचा उलगडा बऱ्याच अंशी तेथून सुरू होतो. ज्या विद्येत तिने सर्वांना मागे टाकले त्या विद्येतील सर्वोच्च पद तिला मिळणे शक्य नव्हते. कथेत बुनराकु बाहुलीनाट्याचे प्रत्यक्षातील ख्यातनाम शामिसेनवादक तोयोझावा दानपेइ यांच्या तोंडी एक अभिप्राय घातला आहे: ही स्त्री पुरुषाच्या जन्माला येऊन जाड दांडीचे शामिसेन वाजवती, तर केवढी मोठी वादक झाली असती! वरवर पाहता ही स्तुती आहे. प्रत्यक्षात तो अपात्रतेचा दाखला आहे. शुनकिनच्या उद्धटपणाचे, शिष्यांवर बाची फेकून मारण्याचे, प्रतिस्पर्ध्यांना तुच्छ लेखण्याचे जे वर्णन येते, त्याचा विचार या पार्श्वभूमीवर केला तर तो नुसता श्रीमंतीचा माज राहत नाही. जी मान्यता बाहेरून मिळणार नव्हती ती तिने स्वतःच्या घरात, स्वतःच्या शिष्यांकडून, सक्तीने वसूल केली. आणि नियतीचा उपरोध असा की केंग्यो हे पद अखेर मिळाले ते सासुकेला. डोळस माणसाला त्या संघात स्थान नव्हते. डोळे फोडून घेण्याच्या कृतीचा हा व्यावहारिक परिणाम कथेत कोठेही ठळकपणे मांडलेला नाही. सासुकेचा तो हेतू होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु शिष्य 'केंग्यो' म्हणून ओळखला जातो आणि गुरू तशीच राहते, ही वस्तुस्थिती उरतेच.

सासुके ओमि प्रांतातील हिनो गावाहून तेराव्या वर्षी मोझुयांच्या दुकानात उमेदवारीसाठी आला. त्या वेळी शुनकिन नऊ वर्षांची होती आणि नुकतीच अंध झाली होती. तिच्या डोळ्यांतला प्रकाश त्याने कधी पाहिलाच नाही आणि याचे त्याला पुढे समाधानच वाटत आले, असे कथा सांगते. पाहिला असता तर नंतरचा चेहरा त्याला अपुरा वाटला असता. तसा तो वाटला नाही. पहिल्या दिवसापासून त्याला हवी असलेली शुनकिन ही उणीव असलेलीच शुनकिन होती. तिला हाताला धरून गुरूंच्या घरी नेणे-आणणे हे त्याचे काम. पुढे त्याने साठवलेल्या पैशातून एक साधे शामिसेन घेतले आणि इतर नोकर झोपल्यावर कपाटात बसून, मिट्ट काळोखात, तो चोरून सराव करू लागला. काळोखाची त्याला अडचण वाटली नाही. आपली 'कोइसान', म्हणजे धन्याची धाकटी लेक, याच काळोखात वाजवते, या विचाराने तो काळोख त्याला प्रिय झाला. कथेच्या उत्तरार्धातील सुई या कपाटातच घडवली गेली, असे म्हणता येईल. चेहरा जळाला म्हणून सासुके अंध झाला, हे अर्धे सत्य आहे. अंधत्वाची ओढ त्याला त्याआधी कितीतरी वर्षांपासून होती; दुर्घटनेने तिला निमित्त पुरवले.

चोरी उघडकीस आल्यावर अकरा वर्षांच्या शुनकिनने पंधरा वर्षांच्या सासुकेला शिकवण्याचे ठरवले. घरच्यांना तो पोरखेळ वाटला. मुलीचे मन रमते आहे एवढेच त्यांनी पाहिले. पण त्या खेळातच त्यांच्या पुढील आयुष्याची घडी बसली. एरवी 'कोइसान' आणि शिकवणीच्या वेळी 'गुरू' ही संबोधनांची शिस्त तिने लावून दिली. रात्री उशिरापर्यंत ती त्याला रागे भरे, मारी, आणि तो रडे. तानिझाकी येथे बुनराकुच्या परंपरेतील कठोर तालमीचे दाखले देतात, आणि मग निवेदक हलकेच एक शंका पुढे करतो: गुरूच्या कठोरपणाच्या आड दुसरेच काही सुख दडलेले नव्हते ना? मराठी वाचकाला या ठिकाणी घराणेदार गायकांच्या तालमीच्या अनेक दंतकथा आठवतील. उस्तादाचा मार हा प्रसाद मानण्याची सवय आपल्याकडेही जुनी आहे. त्या सवयीमुळेच ही शंका वाचताना नजरेआड होते आणि कथा 'गुरुनिष्ठेची' होऊन बसते.

या नात्याचे दुसरे अंग अधिक अस्वस्थ करणारे आहे. आईवडिलांनी सासुकेशी विवाहाचा विचार सुचवला तेव्हा शुनकिनने तो धुडकावून लावला. नोकराशी लग्न करणे तिला मान्य नव्हते. वर्षभरातच ती गरोदर राहिली. मूल सासुकेच्या तोंडवळ्याचे निघाले. तरीही दोघांनी अखेरपर्यंत कानांवर हात ठेवले आणि मूल दुसऱ्यांना देऊन टाकले. पुढेही त्यांना तीन अपत्ये झाली. मुलगी जन्मानंतर लगेच गेली, दोन मुलगे कावाचीतील शेतकऱ्यांकडे दिले गेले. या मुलांविषयी कथा दोनचार वाक्यांपलीकडे बोलत नाही आणि समीक्षकही सहसा बोलत नाहीत. पती-पत्नी, आई-बाप ही सर्व नाती नाकारून दोघांनी धनीण आणि नोकर, गुरू आणि शिष्य हे एकच नाते शाबूत ठेवले. त्याची किंमत मुलांनी चुकवली. ज्या कलानिष्ठेचे एवढे कौतुक होते तिच्या हिशोबात ही बाजू मांडलीच पाहिजे.

शुनकिनच्या स्वभावाचे सर्वांत जिवंत चित्र तिच्या पक्ष्यांच्या प्रकरणात येते. तिच्या नावातच पक्षी आहे. मोझुया या घराण्याच्या नावातील 'मोझु' म्हणजे खाटीक पक्षी. तिला बुलबुलासारख्या गोड गळ्याचा 'उगुइसु' आणि चंडोल पाळण्याचा षोक होता. उगुइसुचा पिंजरा लाकडी पेटीत, कागदी दारामागे, मंद उजेडात ठेवत. उत्तम गाणाऱ्या पक्ष्याशेजारी कोवळी पिले ठेवून त्यांना 'शिकवत'. तेनको नावाच्या तिच्या उगुइसुची बडदास्त माणसांहून अधिक होती. शिष्यांना ती याच पक्ष्याचा दाखला देई: रानात जन्मलेला पक्षी आपोआप गातो, पण शिकवलेला पक्षी गाऊ लागला की ऐकणाऱ्याला बंद खोलीत डोंगरदऱ्या दिसतात. कला निसर्गाची नक्कल करत नाही, निसर्गाला मागे टाकते, हे तिचे मत होते. एवढे स्पष्ट कलाविषयक विधान कथेत दुसरीकडे कोठेही तिच्या नावावर नाही. योगायोगाने म्हणा वा हेतुपूर्वक म्हणा, ते विधान तिच्या स्वतःच्या जीवनालाही लागू पडते. मंद उजेडातला पिंजरा, जवळ बसवलेला शिकाऊ पक्षी, आणि दाराबाहेर सेवेला उभी असलेली माणसे.

याच षोकापायी घरात काटकसर चाले. शुनकिन स्वतःच्या वस्त्रप्रावरणांवर आणि पक्ष्यांवर हात सैल सोडी, नोकरांच्या जेवणात मात्र हात आखडता घेई. शिष्यांकडून येणाऱ्या मासिक शुल्काचा आणि वर्षातील दोन भेटींचा हिशोब ती स्वतः ठेवी. भेट अपुरी वाटली तर ती बोलून दाखवत असे. भक्ताने लिहवून घेतलेल्या चरित्रात हे येणे शक्य नव्हते. ते तेरुच्या तोंडून येते. दातदुखीचा प्रसंगही असाच. सासुके तिचे गार पाय छातीशी धरून ऊब देत असताना त्याच्या सुजलेल्या गालाची आग होऊ लागली, म्हणून त्याने हळूच गाल तिच्या तळव्याला लावला. तिने त्याच गालावर लाथ मारली. आंधळीला कळणार नाही असे समजू नकोस, हा तिचा रोख होता. क्रौर्य म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. पण त्यात एक अपमानही आहे. आपल्या अंधत्वाचा कोणी फायदा घेतो आहे या संशयाने तिचा जीव सतत पोखरला जात होता. सासुकेने स्वतःसाठी ऊब काढून घेतली ती तिच्या नकळत, हे तिला झोंबले.

गुरूंच्या निधनानंतर, विसाव्या वर्षी, तिने योदोयाबाशीजवळ स्वतंत्र घर केले. शिष्य वाढले तसे वैरीही वाढले. रितारो नावाचा एका धनिकाचा रंगेल मुलगा शिकवणीच्या निमित्ताने येऊ लागला. त्याच्या कपाळावर तिने बाचीने जखम केली. त्यानंतर, वसंत ऋतूतील एका रात्री, झोपलेल्या शुनकिनच्या चेहऱ्यावर कोणीतरी लोखंडी किटलीतील उकळते पाणी ओतले. कोणी, हे कथा सांगत नाही. रितारो, कोणी प्रतिस्पर्धी वादक, किंवा जिच्या चेहऱ्यावर तिने व्रण उठवला त्या शिष्येचा बाप, अशी नावे निवेदक सुचवतो. जपानी समीक्षेत यावर बराच वाद झडला. खुद्द सासुकेनेच हे केले असावे, दोघांनी संगनमताने केले असावे, इथपर्यंत तर्क गेले. हे तर्क कल्पक आहेत. परंतु त्यांनी दीर्घकथेची रहस्यकथा होते आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. गुन्हेगार कोणीही असो, चेहऱ्याचे काय झाले हे आपल्याला कळते ते सासुकेच्या शब्दांत. पुस्तिका म्हणते, इजा फार किरकोळ होती. तेरु वेगळे सूचित करते. आणि सासुकेने तर क्षणभर पाहून नजर फिरवली होती. ज्या चेहऱ्याभोवती सारी कथा फिरते तो चेहरा कथेत कोणीच नीट पाहिलेला नाही.

शुनकिनने सासुकेला आपला चेहरा न पाहण्याची विनवणी केली आणि जखम भरत आल्यावर पट्टी सोडावी लागेल या भयाने ती रडली, असे कथेत येते. सासुकेने आरशासमोर बसून दोन्ही बुबुळांत सुई खुपसली. त्यानंतर तिच्यासमोर जाऊन त्याने आपण अंध झाल्याचे सांगितले. तिचा विस्मय आणि मग दीर्घ शांतता, हा त्या दोघांच्या जीवनातील सर्वांत निकटतेचा क्षण आहे. तसे सासुके म्हणतो. तीही तसेच म्हणाली असती काय? त्या शांततेत तिने काय अनुभवले याचा अर्थ लावणारा एकटा सासुकेच आहे. तिला केवळ कृतज्ञता वाटली, असे त्याचे म्हणणे. तिला भीतीही वाटली असू शकते.

या शंकेला कथेतच आधार आहे. दुर्घटनेनंतर शुनकिनचा ताठा उतरला, ती मवाळ झाली आणि आता सासुकेशी लग्न करण्याची तिची तयारी असावी, असे निवेदक नोंदवतो. नकार आला तो सासुकेकडून. दैवाने खचलेली, सामान्य स्त्रीसारखी दुसऱ्याच्या आधाराची अपेक्षा करणारी शुनकिन त्याला सोसवत नव्हती. त्याच्या मनातील शुनकिन पूर्वीचीच, मारणारी, तुच्छ लेखणारी राहायला हवी होती. म्हणून तो पूर्वीपेक्षाही अधिक नम्र झाला. धनीणपण तिच्यावर लादू लागला. 'शुनकिनशो'चा खरा आघात सुईच्या प्रसंगापेक्षा या काही वाक्यांत आहे. सुईने सासुकेने स्वतःची दृष्टी घालवली. विवाहाला नकार देऊन त्याने शुनकिनची बदलण्याची वाट बंद केली. ज्या स्त्रीला आयुष्यात प्रथमच दुसरे काही व्हावेसे वाटले तिला तिच्याच जुन्या प्रतिमेत परत पाठवण्यात आले, आणि हे काम तिच्या सर्वांत आज्ञाधारक सेवकाने केले. सासुकेचे कलावंत म्हणून नाव 'किंदाइ', म्हणजे कोतोची बैठक. बैठकीशिवाय वाद्य उभे राहत नाही. पण वाद्य कोठे ठेवायचे हेही बैठकच ठरवते.

अर्थात, या वाचनाविरुद्ध एक गंभीर आक्षेप घेता येईल. अंध झाल्यावरच आपल्याला गुरूच्या वादनातील सूक्ष्मता कळली, डोळे असताना आपण ते नीट ऐकलेच नव्हते, असे सासुके सांगतो. शुनकिनही उत्तरायुष्यात रचनेकडे वळली. 'वसंतातील उगुइसु' आणि बर्फाचे जुने काव्यनाम धारण करणारी 'मुत्सु नो हाना' या तिच्या रचना म्हणून सांगितल्या जातात. दोघांच्याही कलेला या काळोखाने खोली दिली, हे नाकारता येणार नाही. केवळ शोषणाची कथा म्हणून 'शुनकिनशो' वाचणे हे तिला भक्तिकथा म्हणून वाचण्याइतकेच एकांगी ठरेल. तानिझाकींना यातील सौंदर्य खरोखर प्रिय होते. १९२३ च्या भूकंपानंतर ते क्योतो-ओसाका भागात आले, त्यांनी ओसाकातील किकुहारा केंग्यो यांच्याकडे जिउताचे शिक्षण घेतले, आणि याच सुमारास ज्यांच्याशी त्यांनी पुढे १९३५ मध्ये विवाह केला त्या मात्सुकोंना ते सेवकाच्या भूमिकेतून पत्रे लिहीत असत. 'छायेची स्तुती' हा त्यांचा प्रसिद्ध निबंधही १९३३-३४ मधलाच. अंधूक उजेडाच्या सौंदर्याची जी बाजू निबंधात मांडली आहे तिची किंमत 'शुनकिनशो'त मोजलेली दिसते. निबंधकार सौंदर्यावर भाळतो. कथाकार त्याच सौंदर्याच्या कागदपत्रांवर शंका घेत राहतो. कथाकाराचे पारडे जड आहे.

शैलीचाही येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. मूळ जपानी मजकुरात विरामचिन्हे अत्यंत विरळ आहेत. एक वाक्य कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते, निवेदकाचे बोलणे कोठे थांबते आणि तेरुचे वा पुस्तिकेचे कोठे चालू होते, हे वाचकाला चाचपडत शोधावे लागते. इंग्रजी अनुवादाने वाक्ये नेहमीच्या रीतीने तोडली आहेत. त्यामुळे वाचन सुकर झाले. पण कोणाचे म्हणणे ऐकत आहोत हा संभ्रम कमी झाला, आणि संभ्रम कमी झाला की सासुकेवर विश्वास ठेवणे सोपे जाते. ही दीर्घकथा अनुवादातून शिकवणाऱ्यांनी याची जाणीव ठेवणे इष्ट आहे.

दृश्य माध्यमांपुढची अडचण वेगळी. शिमाझु यासुजिरो यांचा १९३५ चा चित्रपट, ज्यात तानाका किनुयो यांनी भूमिका केली, किंवा यामागुची मोमोए यांचा १९७६ चा चित्रपट, यांना शुनकिनला चेहरा देणे भागच होते. चेहरा दिला की ती निश्चित होते. कथेत ती कधीच निश्चित होत नाही. सायमन मॅक्बर्नी यांनी २००८ मध्ये तोक्योत केलेल्या नाट्यप्रयोगात प्रारंभीची शुनकिन ही बाहुली होती. कलाकार तिला हाताळत आणि तिचा आवाज देत. बुनराकुच्या गावातील या स्त्रीला दिलेले ते सर्वांत प्रामाणिक रूप ठरावे, कारण त्यात तिला हलवणारे हात झाकलेले नाहीत.

शुनकिनच्या अखेरच्या वर्षातील एक तपशील निवेदकाने ठेवला आहे. त्या वर्षी तिने सासुकेसह बागेत येऊन आपला चंडोल आकाशात सोडला. हा पक्षी उंच जाऊन गातो आणि पुन्हा पिंजऱ्यात उतरतो, हेच त्याचे कौतुक. दोघे हातात हात घेऊन, आकाशाकडे तोंड करून, आवाज ऐकत उभे राहिले. आवाज ढगांत मिसळत गेला. बराच वेळ वाट पाहूनही चंडोल परत आला नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ती वारली. सासुके पुढची एकवीस वर्षे तिच्याविषयी सांगत राहिला.